गार अंड्यांचा रकाना

त्या संशोधन संस्थेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना तोंडावर नुसतं बाई म्हणत आणि पाठीमागे अंडेबाई. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव चार शब्दांचं होतं आणि ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उमटायचं. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडायची, आत वाढणाऱ्या रक्तवाहिन्या मोजायच्या आणि आकडा पेन्सिलीने कागदावर लिहायचा. त्यानंतर त्या आकड्याशी भांडायला जो येईल त्याला हाकलून द्यायचं. हे शेवटचं काम नेमणुकीच्या पत्रात नव्हतं, पण बाई ते सर्वांत मन लावून करत.

खिडकीचं जरा सांगायला हवं. फलित अंडी यंत्रात उबवायला ठेवली की तिसऱ्या दिवशी सुईने थोडा पांढरा बलक ओढून घ्यायचा, म्हणजे आतला पडदा कवचापासून सुटून खाली बसतो. मग बारीक कात्रीने कवचात नखाएवढा चौकोन कापायचा, त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि अंडं परत उबेत. आठव्या दिवशी पट्टी काढली की आत लाल झाड दिसतं. खोड, फांद्या, डहाळ्या, सगळं जागच्या जागी. पान मात्र एकही नाही. या झाडावर औषधाचा थेंब टाकायचा आणि ते वाढतं की खुंटतं ते बघायचं. बाई भिंगाखाली त्याचे फाटे मोजत. हातात बोटाने दाबायचं मोजयंत्र, डोळा भिंगाला, तोंड बंद. मध्ये कुणी हाक मारली तर बाई उत्तर देत नसत. पुन्हा पहिल्यापासून मोजत आणि मग हाक मारणाऱ्याकडे नुसतं बघत. त्या बघण्याची इतकी ख्याती होती की मोजणीच्या दिवशी लोक व्हरांड्यातून चपला हातात घेऊन जात.

झाड खुंटवण्यात कुणाचं काय भलं, असं कुणीही विचारेल. कर्करोगाची गाठ आपल्यापुरत्या नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, आकडा टाकून वीज चोरावी तशा. डोळ्याच्या पडद्याखालीही उतारवयात काहींना अशा नको त्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात आणि माणसाची मधली नजर घेऊन जातात. कडेचं दिसत राहतं. म्हणजे समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. काही जणांच्या बाबतीत ही सोयच म्हणायची, पण रोगी तसं मानत नाहीत. यावर औषध आहे, पण ते थेट डोळ्यात सुईने द्यावं लागतं आणि महिन्याभरात ओसरून जातं. म्हणून दर महिन्याला सुई. बाई ज्यांच्या हाताखाली होत्या त्या सरांच्या प्रयोगशाळेत या औषधासाठी कण तयार केले होते. इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत सातआठशे शेजारी शेजारी मावतील. औषध या कणांत भरायचं, कण हळूहळू विरघळणार, औषध हळूहळू सुटणार, आणि महिन्याची सुई सहा महिन्यांवर जाणार. निदान तसं सरांनी भिंतीवर लावलेल्या चित्रात तरी होतं.

बाईंच्या थोरल्या भावाचं चष्म्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवल्या, आणि गेल्या वर्षी एका सकाळी दुकानातल्या भिंतीवरच्या तक्त्याची उभी रेघ त्याला मध्ये पोट सुटल्यासारखी दिसली. त्याने तक्ता बदलला. नव्याचीही रेघ तशीच. मग त्याने एक डोळा झाकला, दुसरा झाकला, आणि शटर ओढून घरी गेला. उजव्या डोळ्यात तेच, कच्च्या वाहिन्या. डावा लहानपणापासूनच अधू. ज्यावर दुकानातली एकही काच चालणार नाही असा आजार चष्मेवाल्यालाच व्हावा, यावर तो स्वतःच एकदा हसला आणि मग वर्षभर हसला नाही.

त्याला दर महिन्याला सुई सुरू झाली. माणूस तसा धीट. पण दिसणाऱ्या डोळ्याने डोळ्याकडे येणारी सुई बघणं हा धीटपणाचा विषय नाही. सुईच्या आदल्या दिवसापासून तो जेवत नसे आणि घरातल्या प्रत्येकाशी भांडण उकरून काढत असे. तरी जात होता, सलग सात महिने.

आता चुकीकडे येऊ. ती बाईंचीच होती आणि त्यांनी ती नंतर कुणाच्या माथी मारली नाही.

कामाचा एक कडक नियम होता. कुठल्या अंड्यावर काय टाकलं ते मोजणाऱ्याला कळता कामा नये. कण टाकण्याचं काम सरांच्या हाताखाली डॉक्टरेटचा प्रबंध लिहिणारी एक मुलगी आतल्या खोलीत, दार लावून करायची. तिच्या प्रत्येक वाक्यात ‘माझा थीसिस’ येत असल्याने मजल्यावर तिचं नावच थीसिस पडलं होतं. ती चोवीस अंड्यांवर औषध भरलेले कण टाकायची, चोवीसांवर रिकामे कण, मग सगळी मिसळायची आणि भिंतीतल्या झरोक्यातून ट्रे बाहेर बाईंकडे सरकवायची. अंड्यांवर पेन्सिलीने नुसते क्रमांक. कुठला क्रमांक कशाचा, ते बंद पाकिटात. असं चार दिवस, मग मोजणी, मग सरांच्या खोलीत पाकीट उघडायचं. पाकीट उघडण्याआधी बाईंनी बावीस वर्षांत कधी अंदाजसुद्धा बोलून दाखवला नव्हता. ‘बरं दिसतंय का हो?’ असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, ‘अंडं दिसतंय.’

पहिल्या फेरीचं पाकीट उघडलं तेव्हा औषधाच्या अंड्यांत फाटे शंभराला चाळीसने कमी निघाले. सरांनी खुर्चीतून उठून सगळ्यांशी हात मिळवले. आणि त्या संध्याकाळी, बावीस वर्षांचा संयम पर्समध्ये घालून, बाई भावाच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, दादा, वर्षभर कळ काढ, सहा महिन्यांतून एकच सुई पुरेल असं येतंय. मी स्वतः मोजलंय.

एकाच फेरीवर असं बोलायचं नसतं हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच कळत नव्हतं. पण समोर दोन दिवसांचा उपाशी भाऊ बसला होता.

दुसऱ्या फेरीतही चाळीसच निघाले. तिसरी फेरी सुरू होतानाच रबरी हातमोज्यांचा खोका संपला. नवा मागवलेला वेळेवर आला नाही, यात नवल नव्हतं. वेळेवर आला असता तर नवल. बाईंनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि झरोक्यातून आलेली अंडी उघड्या हातांनी यंत्रात लावू लागल्या. चौथं अंडं उचललं आणि त्या थांबल्या. ते गार होतं. पाचवं कोमट. सहावं आणि सातवं गार.

उबवणीचं अंडं हातात कसं लागतं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. त्यांनी सगळी अठ्ठेचाळीस अंडी एकेक करून तळहातात धरली आणि मोजणीच्या कागदावर उजवीकडे, जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे, एक जादा रकाना आखला. त्यावर लिहिलं, ‘गार’. आणि चारही दिवस ज्या क्रमांकाचं अंडं गार लागलं त्यापुढे बारीक फुली.

पाकीट उघडलं. औषधाची चोवीस अंडी आणि फुलीची चोवीस अंडी तीच होती. एकाचाही फरक नाही.

बाईंनी कागद सरांपुढे ठेवला. सर आकड्यांच्या रकान्यावरून बोट फिरवत होते. फुल्यांपाशी पोचल्यावर त्यांचं बोट कागदावरून उतरलं. त्यांनी विचारलं, ‘बाई, तुमच्या हातात थर्मामीटर आहे का?’

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘हात आहे.’

सर चांगले हसले. विनोद चांगला झाला असं त्यांना वाटलं. मग त्यांनी सांगितलं की लेख छापायला गेला आहे, डोळ्याच्या इस्पितळातली मंडळी पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत आणि अशा वेळी बोटांच्या भरवशावर शंका काढणं शास्त्राला धरून नाही. बाईंनी विचारलं, फाटे मोजलेले डोळे शास्त्राला धरून असतील तर त्याच माणसाची बोटं का नाहीत? यावर सरांना दुसऱ्या बैठकीला जायचं होतं. सरांना अशा वेळी नेहमीच दुसरी बैठक असायची. बैठकीसारखं सुरक्षित ठिकाण माणसाने दुसरं शोधलेलं नाही.

अंडी गार का होतात ते बाईंनी थीसिसकडून काढून घेतलं. कारण इतकं साधं होतं की त्याचाच राग यावा. रिकामे कण पाण्यात दुधासारखे तरंगत राहतात. दहा मिनिटांत चोवीस अंड्यांचं काम संपतं. औषध भरलेले कण जड होतात आणि तळाशी बसतात. दर तीन अंड्यांमागे बाटली पाच मिनिटं हलवायची, मग थेंब, मग पुन्हा हलवायची. शिवाय ती बाटली फ्रीजमधून काढली की लगेच वापरायची असते, म्हणून औषधाचा ट्रे आधी आणि रिकाम्याचा नंतर. तोवर औषधाची अंडी खिडक्या उघड्या टाकून टेबलावर, आणि आतली खोली यंत्रांसाठी अशी थंड ठेवलेली की थीसिस स्वेटर घालून बसायची. एक ट्रे उबेबाहेर दहा मिनिटं, दुसरा जवळजवळ तास. चार दिवस, रोज.

‘मला थंडी वाजत होती,’ थीसिस म्हणाली. ‘पण अंड्यांचं डोक्यातच आलं नाही.’

‘अंड्यांना स्वेटर कुठे होता?’ बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. वहिनी फोनवर नमस्कार-चमत्कारात वेळ घालवणाऱ्यांतली नव्हती. तिने विचारलं, तुम्ही यांना सुया बंद करायला सांगितलंत का? बाई म्हणाल्या, नाही, मी कशाला सांगेन. मग वहिनीचा आवाज एकदम थंड झाला. ‘ताई, ते तीन महिने गेलेले नाहीत. मला सांगायचे जाऊन आलो, आणि तेवढा वेळ दुकानामागे बसून राहायचे. विचारलं तर म्हणतात, बारकीने स्वतः मोजलंय. आता त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिसतं, काटे दिसत नाहीत.’

बाईंनी फोन ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक निघालं, तरी त्या काढत राहिल्या. पेन्सिल बोटभर उरली तेव्हा त्या उठल्या.

रागाचे प्रकार असतात. काहींचा राग भांडी आपटतो, काहींचा दारं. बाईंचा राग बावीस वर्षं एका खुर्चीत बसून मोजायला शिकलेला होता, त्यामुळे तो आपटत नव्हता. त्यांनी थीसिसला गाठलं आणि सांगितलं की चोवीस अंडी लागतील आणि तुझे दहा दिवस. औषध नको, कण नकोत, सगळ्यांवर नुसतं मिठाचं पाणी. बारा अंडी टेबलावर रोज एक तास उघडी ठेवायची, बारा दहा मिनिटं. मग सगळी तासभर यंत्रात गरम कर, मिसळ आणि मला दे, म्हणजे बोटांनाही कळायला नको.

थीसिस रडकुंडीला आली. ‘बाई, माझी चार वर्षं आहेत यात.’

‘माझ्या भावाचा डोळा आहे,’ बाई म्हणाल्या. आणि मग, एवढंच बोलून थांबलं तर ते दडपण ठरेल असं वाटून, त्यांनी जोडलं, ‘भाऊ नसता तरी हेच सांगितलं असतं. जरा कमी आवाजात.’

मुलीने दोन दिवस बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी ती घरून गजराचं घड्याळ घेऊन आली, आतल्या खोलीत टेबलावर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

बाईंनी ती चोवीस अंडी मोजली तेव्हा व्हरांड्यात कुणी चपला हातात घेतल्या नव्हत्या, कारण ही मोजणी कुणाला माहीतच नव्हती. पाकीट दोघींनीच उघडलं. तासभर उघड्या राहिलेल्या अंड्यांत फाटे शंभराला तेहतीसने कमी. औषधाचा एक कणही न टाकता. चाळीसातले तेहतीस फाटे खोलीच्या गारव्याने खुंटवले होते. तीन महिने सर ज्या यशाबद्दल हात मिळवत होते ते भिंतीवरच्या हवा थंड करणाऱ्या पेटीचं होतं, आणि तिचं नाव लेखात कुठेच नव्हतं.

थीसिस उरलेल्या साताकडे बघत म्हणाली, ‘सात तरी आहेत.’

‘असतील,’ बाई म्हणाल्या. ‘नसतीलही. दोन्ही ट्रे सारखा वेळ बाहेर ठेवून पुन्हा कर, मग बोलू.’

सरांनी तो कागद उभ्यानेच वाचला. त्यांचा आवाज चढला नाही. मोठ्या लोकांचा राग खाली उतरतो. ते म्हणाले की परवानगीवाचून अंडी वापरणं ही शिस्तभंगाची बाब आहे. बाई म्हणाल्या, लिहून द्या, मी सही करते. ते म्हणाले, जगात कुठल्याही प्रयोगात थोडंफार इकडेतिकडे होतच असतं. बाईंनी कागदावरच्या तेहतीसवर बोट ठेवलं. मग ते समजुतीच्या सुरात आले. लेखाच्या शेवटी आभारात तुमचं नाव घालणार आहोत, बावीस वर्षांत पहिल्यांदा, हे तुम्हाला माहीत आहे का?

तेव्हा बाई बोलल्या. त्या आवाजाने बाहेर टायपिंग करणाऱ्याचे हात थांबले. ‘तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून एक माणूस तीन महिने दुकानामागे लपून बसला, सर. त्याला तुमचा आकडा मी नेऊन दिला. ते माझं पाप, मी फेडीन. पण तो आकडा आता इस्पितळात जाणार आहे, आणि तिथे असे लपून बसायला तयार असलेले किती आहेत ते तुम्ही मोजलेलं नाही. माझं नाव आभारात नको. माझा रकाना आकड्यांशेजारी हवा.’

आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. त्या पेन वापरत नसत. पेन्सिलीचं खोडता येतं म्हणून मोजणी पेन्सिलीनेच करायची, हा त्यांचाच नियम. तिसऱ्या फेरीच्या मूळ कागदावरच्या चोवीस फुल्या त्यांनी सरांच्या टेबलावर, सरांच्या देखत, शाईने गिरवल्या. खाली सही केली, तारीख घातली. बाईंच्या सहीशिवाय मोजणीचा कागद धरला जात नसे आणि सहीचा कागद फाडता येत नसे. हा सरांचा नियम होता.

लेख परत मागवावा लागला. सरांनी पत्रात ‘काही तांत्रिक बाबी’ असं कारण दिलं. थीसिसने घड्याळ लावून चौथी फेरी केली. चाळीसाचे अकरा झाले. अकरा म्हणजे शून्य नव्हे, एवढ्यावर तिने पुन्हा कंबर कसली. सरांनी बाईंशी बोलणं सोडलं. त्यामुळे बाईंचा दिवसाला अर्धा तास वाचू लागला.

हे सगळं सोपं होतं. अवघड काम दुकानात होतं, आणि त्यासाठी बाई सही केली त्याच संध्याकाळी गेल्या होत्या.

दादा काउंटरमागे बसला होता. समोर आडव्याउभ्या रेघांचा चौकड्यांचा कागद, डोळे तपासायचा. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, गार अंड्यांपासून तेहतीसपर्यंत, काही न वगळता. मीच आधी बोलले, हेही सांगितलं. तो ऐकत होता तेव्हा त्याचं तोंड बहिणीकडे नव्हतं, जरा बाजूला होतं. कडेने बघायची त्याला सवय लागली होती.

‘म्हणजे खोलीच्या थंडीवर मी डोळा घालवला,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘लोकांना मी सहा महिन्यांची हमी देतो. काच फुटली तर बदलून देतो. तू काय देणार?’

त्याने तो चौकड्यांचा कागद उचलून त्यांच्यापुढे टाकला. मधल्या जागी त्याने पेनाने एकाबाहेर एक गोल काढले होते, जिथे त्याला काहीच दिसत नव्हतं. शेजारी तारखा. दर आठवड्याला गोल थोडा मोठा. तोही घरी बसून मोजतच होता. बहिणीला खोटं पाडायची इच्छा नव्हती, म्हणून कुणाला दाखवलं नव्हतं, इतकंच.

बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, ‘उद्या दहा वाजता. मी येते न्यायला.’

‘मी येणार नाही.’

‘नको येऊस. मी शटरसमोर बसून राहीन. गिऱ्हाईक आलं तर सांगेन, मालकाला दिसत नाही.’

दुसऱ्या दिवशी तो आला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखता येईल, आणि यापुढे एकही महिना चुकवायचा नाही. तो आत गेला. बाई बाहेर बाकावर बसल्या. हात मोकळे होते आणि मोजायला काही नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि चेहरा रागाने लाल. बाकावर बसला, अंतर राखून.

‘पाच,’ तो म्हणाला.

‘काय पाच?’

‘सुई आत होती तोवर मी मोजलं. पाच आकडे.’

बाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं होतं. सुई दोन-तीन सेकंदच आत असते. भीतीत माणूस भरभर मोजतो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं.

‘डोळा माझा,’ तो म्हणाला. ‘मोजणी माझी. पाच.’

बाईंनी त्याचं सुयांचं कार्ड घेतलं. तीन रिकाम्या ओळी सोडून आजची तारीख होती. शेजारी, जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे, त्यांनी एक रेघ ओढून रकाना केला आणि त्यात शाईने लिहिलं, पाच.